लर्निंगच्या टेस्टचा अभ्यास मी एका एसटी ड्रायव्हरकडे केला

लर्निंग लायसन्स काढायचंय म्हटल्यावर मला जवळपास प्रत्येकाने एकच सांगितलं, त्यात कसला अभ्यास, पंधरा प्रश्न येतात, नऊ बरोबर आले की पास, तेच तेच प्रश्न फिरून येतात, प्रश्नसंच दोनदा वाचून काढ आणि जा. आणि ते खरंही आहे, तसं करून पास होणारे भरपूर आहेत. पण मला नुसतं पास व्हायचं नव्हतं, गाडी चालवायची होती. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, दवाखाना असो, बँक असो, कोणाचं लग्न असो, दरवेळी कोणाला तरी फोन करून बोलवावं लागतं, भाऊ परगावी, नवऱ्याची फिरतीची नोकरी आणि खाली पार्किंगमधे गाडी नुसती उभी. म्हणून ठरवलं शिकायचं, आणि शिकायचं तर मुळापासून शिकायचं.

माझं नशीब असं की बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटात गेली, कशेडी, वरंधा, आंबेनळी, पावसाळ्यात धुकं आणि दरडी, रात्री मुक्कामाची गाडी. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण रस्त्याचा विषय निघाला की माणूस ताठ बसतो. मी प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि ते उत्तर सांगायच्या आधी विचारायचे, "का?" म्हणजे उत्तर बी आहे हे पुरेसं नाही, बी का आहे ते सांग. सुरुवातीला मला वाटलं याने वेळ जाईल, पण झालं उलटंच, एकदा का कळलं की ते उत्तर पुन्हा पाठ करायला लागत नाही.

अर्जाचं थोडक्यात सांगते. लायसन्ससाठीच्या सरकारी सारथी वेबसाइटवर फॉर्म भरायचा, आधार, फोटो, सही अपलोड करायची, फी ऑनलाइन भरायची. माझं वय चाळीसच्या पुढे असल्याने डॉक्टरांकडून फॉर्म १-ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट लागलं, चाळीसच्या आतल्यांना स्वतःच्या तब्येतीचं स्वतःच लिहून दिलेलं चालतं. आधार वापरून घरबसल्या टेस्ट द्यायची सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे, तरी मी आरटीओत जाऊन द्यायची ठरवलं, मला समोर बसून परीक्षा दिल्यासारखी द्यायची होती.

आता अभ्यास. टेस्टमधे काय विचारायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधेच लिहिलेलं आहे: रस्त्यावरची चिन्हं, सिग्नल आणि वाहतुकीचे नियम, अपघात झाला तर ड्रायव्हरने काय करायचं, माणूस नसलेलं रेल्वे फाटक कसं ओलांडायचं, आणि गाडीत कुठली कागदपत्रं पाहिजेत. बस, एवढंच. साठ टक्के मिळाले की पास. हे चार विषय कळल्यावर मला एकदम हायसं वाटलं कारण प्रश्नसंचात सगळं कालवलेलं असतं, एक प्रश्न पार्किंगचा, पुढचा अँब्युलन्सचा, त्याच्या पुढचा कुठल्यातरी त्रिकोणाचा, वाचताना काहीच एकमेकांना जोडलं जात नाही. मी ते प्रश्न उचलून या चार विषयांखाली लावून घेतले आणि मग अभ्यासाला बसले.

चिन्हांपासून सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मार्करने चिन्हं काढली, हाताने काढली की लक्षात राहतात. पण त्याआधी बाबांनी सांगितलं की चित्राकडे बघूच नको, आधी आकार बघ. गोल असेल तर तो हुकूम आहे, मोडला तर दंड. त्रिकोण असेल तर पुढे काहीतरी आहे, सावध हो. चौकोन असेल तर माहिती आहे, पेट्रोल पंप, दवाखाना, पार्किंग. गोलातही दोन जाती, लाल कडा असेल तर बहुतेक वेळा हे करू नको किंवा याच्यापेक्षा जास्त नको, आणि निळा भरलेला गोल असेल तर हे करच, म्हणजे डावीकडेच वळ, सरळच जा, हॉर्न वाजवच. एवढं डोक्यात बसलं की न पाहिलेलं चिन्ह समोर आलं तरी काही पर्याय तिथेच गळतात.

आणि या घरात न बसणारी दोन चिन्हं आहेत ती मुद्दाम वेगळी ठेवलीयेत, थांबा हे अष्टकोनी आणि रस्ता द्या हा उलटा त्रिकोण. मला हे फार आवडलं. पाटीवर चिखल उडाला असेल, रंग उडाला असेल, अगदी मागच्या बाजूने बघत असाल तरी आकारावरून ओळखता येतं की समोरून येणाऱ्याला थांबायला सांगितलंय. दोघांत फरकही नीट समजून घेतला पाहिजे, थांबा म्हणजे रस्ता पूर्ण रिकामा असला तरी चाकं थांबली पाहिजेत, बघायचं आणि मग निघायचं. रस्ता द्या म्हणजे वेग कमी करून बघायचं, कोणी येत असेल तर थांबायचं, नसेल तर जायचं.

जुळ्या चिन्हांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग घ्या. दोन्ही निळे गोल, लाल कडा, एकात एक तिरपी रेघ, दुसऱ्यात दोन रेघांची फुली. एक रेघ असेल तर गाडी लावून जाता येत नाही पण कोणाला पटकन उतरवता येतं, फुली असेल तर तेवढंही नाही, थांबायचंच नाही. आपल्याकडे कित्येक लोक वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि हा फरक त्यांना विचारला तर सांगता येत नाही, आणि फुली असते कुठे तर जिथे एक गाडी थांबली की मागची सगळी रांग अडकते अशा जागी. मग उंचीची मर्यादा आणि रुंदीची मर्यादा, दोन्हीत मीटरचा आकडा, फरक फक्त काळी टोकं कुठे आहेत याचा, आकड्याच्या वर-खाली असतील तर उंची, डाव्या-उजव्या बाजूला असतील तर रुंदी. पुढे रस्ता अरुंद आणि पुढे पूल अरुंद हेही असेच सारखे दिसतात, रस्त्याच्या चित्रात दोन्ही रेघा आत येतात आणि तशाच राहतात, पुलाच्या चित्रात मधे आत येतात आणि पलीकडे परत बाहेर उघडतात, कारण पूल संपला की रस्ता पुन्हा रुंद होतो. हे एकदा असं बघितलं की चुकायचा प्रश्नच उरत नाही.

रेल्वे फाटकाचं चिन्ह बघितल्यावर बाबा खूप वेळ बोलले. कुंपणासारखं गेट काढलेलं असेल तर फाटकावर माणूस आहे, वाफेचं इंजिन काढलेलं असेल तर माणूस नाही. इंजिनाच्या पाटीखाली पट्ट्या असतात, दोन पट्ट्या म्हणजे फाटक दोनशे मीटरवर, एक पट्टी म्हणजे पन्नास ते शंभर मीटरवर. माणूस नसलेल्या फाटकाशी मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं की गाडी थांबवायची, कंडक्टर किंवा बरोबरच्या माणसाने उतरून फाटकापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही हे बघायचं आणि मग गाडी पलीकडे न्यायची, बरोबर कोणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं. मी हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "आमच्यात कंडक्टर बॅटरी घेऊन पुढे जायचा, त्याने बॅटरी हलवल्याशिवाय मी क्लच सोडत नव्हतो. धुक्यात इंजिनाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही गं." ब्रॉडगेजवरची अशी फाटकं रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत संपवली, पण नियम कायद्यात आहे, परीक्षेतही आहे, आणि मला वाटतं असावाच, कारण दिसत नसेल तर उतरून बघ ही सवय फाटकापुरती नाहीये, गाडी मागे घेताना मागे लहान मूल आहे का हे आरशात दिसत नाही तेव्हाही तेच करायचं असतं.

नियमांच्या भागात आल्यावर बाबांच्या त्या "का?" ची खरी किंमत कळली. प्रश्न होता, अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर आधी कोणी जायचं. उत्तर, चढणाऱ्याने, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. का? बाबा म्हणाले, "भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलायला लागते, मागे सरकते, मागे दुसरी गाडी असते. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचाय." मग मी पुढचे प्रश्न या नजरेने बघायला लागले आणि एकेक कोडं सुटायला लागलं. ज्याला थांबणं, दिसणं, निघणं जास्त अवघड आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. पांढरी काठी घेऊन अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठीच थांबा ही पाटी समजायची. झेब्रा क्रॉसिंगवर चालणारा आधी. अँब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी आधी, कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यांना वाट न देण्याला दहा हजारांचा दंड आहे. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि सर्कलमधे आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी, तेही याच्याशी जुळतं, आपण डावीकडून चालतो म्हणून सर्कलभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतो, मग आत असलेली गाडी आपल्या उजवीकडूनच येते. सगळेच नियम या एका धाग्यात बसतात असं नाही, पण आधी कोण हे विचारणारे बरेचसे प्रश्न बसतात आणि परीक्षेत असे प्रश्न खूप असतात.

उताराचा विषय निघालाच होता तर बाबांनी ते वाक्य ऐकवलं जे जुना प्रत्येक घाटातला ड्रायव्हर सांगतो, ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल वाचवणारे आणि पायथ्याशी येईपर्यंत ब्रेक तापून निकामी झालेले त्यांनी बघितलेत. खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. तीव्र उतार हे चिन्ह पाहिलं की आता मला नुसतं नाव आठवत नाही, काय करायचं ते आठवतं.

ओव्हरटेकचे प्रश्न हमखास येतात. उजवीकडूनच ओव्हरटेक करायचं, डावीकडून फक्त तेव्हाच जेव्हा पुढच्याने उजवीकडे वळायचा इंडिकेटर दिलाय आणि तो रस्त्याच्या मध्याकडे सरकलाय. वळणावर, चढाच्या टोकावर, पुलावर, पुढचं दिसत नसेल तिथे नाही. आणि एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, मागचा आपल्याला ओव्हरटेक करत असताना आपण काय करायचं. उत्तर, वेग वाढवायचा नाही, त्याला अडवायचं नाही. रोज रस्त्यावर लोक याच्या बरोबर उलट करतात, कोणी पुढे जायला लागला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो, आणि समोरून ट्रक येत असेल तर मधल्या माणसाला जायला जागाच राहत नाही.

अंतराचं गणित मी स्वतः करून बघितलं. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. म्हणजे पुढे काहीतरी आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ऐंशीला हेच बावीस मीटर. हे कागदावर लिहिल्यापासून कोणाच्याही गाडीत बसले की माझं लक्ष पुढच्या गाडीपासूनच्या अंतरावर जातं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात दोन सेकंद मोजायचे, तोवर आपण त्या खांबाशी पोचायला नको, पावसात याहून जास्त अंतर. भाच्याला हे सांगितलं तर आता तो बाइक चालवताना मोजतो.

हाताचे इशारे. मला वाटलं होतं इंडिकेटरच्या जमान्यात हे कोण विचारतं, पण चित्रं येतात. बाबांनी खुर्चीत बसूनच करून दाखवले, उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर, तळवा पुढे, म्हणजे उजवीकडे वळतोय. हात बाहेर काढून कोपरातून वर उभा केला तर थांबतोय. हात बाहेर, तळवा जमिनीकडे, वर-खाली, तर वेग कमी करतोय. हात मागून पुढे असा झुलवला तर मागच्याला म्हणायचं, जा तू पुढे. त्यांच्या हाताला अजूनही ती सवय आहे, एकदाही विचार करावा लागला नाही. आई बाजूला भाजी निवडत होती ती म्हणाली, "स्कूटरवर सुद्धा असेच हात करायचे हे, मी मागे बसून भिऊन जायचे."

सिग्नलचे प्रश्न सोपे वाटतात पण एक गाठ आहे. स्थिर पिवळा म्हणजे घाई कर असं नाही, स्टॉप लाइनच्या आधी थांब, अगदी इतकी जवळ आली असशील की सुरक्षित थांबताच येणार नाही तरच जा. लुकलुकणारा पिवळा, सावकाश बघून जा. लुकलुकणारा लाल, थांब, बघ, मग जा. आणि स्टॉप लाइन ही झेब्राच्या अलीकडे असते, झेब्रावर गाडी आणून उभी करायची नाही, ती चालणाऱ्यांची जागा आहे. मी इतकी वर्षं पायी चालणारीच आहे, झेब्रावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत रस्ता ओलांडलाय, त्यामुळे या एका ओळीवर माझा जीव आहे.

ज्या भागाबद्दल कोणीच बोलत नाही तो म्हणजे अपघात झाल्यावरची जबाबदारी. कलम १३४. जखमीला ताबडतोब वैद्यकीय मदत मिळेल असं बघायचं, पोलिसांना माहिती द्यायची, लवकरात लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. जमाव अंगावर आला किंवा आपल्या हाताबाहेरचं काही कारण असेल तर मदतीच्या जबाबदारीला तेवढी सूट आहे, पण पोलिसांना कळवायचंच. आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं १३४-ए, जे मला वाटतं शाळेत शिकवलं पाहिजे. अपघातातल्या माणसाला चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून खटला भरता येत नाही, आणि २०२० मधे त्याचे नियम आले त्यानुसार त्याला नाव, पत्ता सांगायची जबरदस्ती करता येत नाही. लोक थांबत नाहीत ते दगडाच्या काळजाचे म्हणून नाही, पोलीस स्टेशनच्या चकरांना भिऊन. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला कायद्यातच गोल्डन अवर म्हटलंय, त्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचायची शक्यता सगळ्यात जास्त. बाबा हे ऐकून म्हणाले, "आम्ही एसटीत घालून नेले आहेत लोक, तेव्हा कायदा माहीत नव्हता, नेले."

आकडे थोडेच पाठ करायला लागले. लर्निंगची मुदत सहा महिने. पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर. रक्तात शंभर मिलीलिटरमागे तीस मिलीग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. बिनागिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला सोळा वर्षं, बाकी खाजगी गाडीला अठरा, ट्रान्सपोर्टला वीस. गाडीत पाहिजेत ते कागद म्हणजे लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, डिजिलॉकरमधले चालतात. सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनाही बंधनकारक आहे.

टेस्टच्या दिवशी बाबा बरोबर आले, रिक्षात येतानाही पाट्या दाखवत होते. आरटीओत कागद तपासले, फोटो काढला, कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. स्क्रीनवर भाषा मराठी निवडली. प्रश्न एकेक करून येतो, कडेला वेळ उलटी पळत असते, उत्तर नोंदवलं की पुढचा. वेळेची भीती घालतात लोक पण प्रश्न ओळखीचा असेल तर तो पूर्ण वाचूनही वेळ उरतो, फक्त नकारार्थी प्रश्न शांतपणे वाचायचे, काय करू नये आणि काय करावे यात नजर घसरू शकते. मला उंचीच्या मर्यादेचं चिन्ह आलं, पांढऱ्या काठीचा प्रश्न आला, डावीकडून ओव्हरटेक कधी, लुकलुकणारा लाल, आणि एक चिन्ह जे प्रश्नसंचात कुठेच पाहिलं नव्हतं, त्रिकोण होता, म्हणून आधी हुकूमवाले पर्याय सोडले आणि चित्राशी जुळणारा धोका निवडला, बरोबर आलं. संपल्याबरोबर स्क्रीनवर पास लिहून आलं. बाहेर येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, "घाटाचा आला का?" नाही आला म्हटल्यावर जरा नाराज झाले.

लर्निंग हातात आलंय. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावलाय, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा बसल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, तोही नियमच आहे. क्लास सोमवारपासून आहे, क्लासच्या सरांनी आधी रिकाम्या मैदानावर क्लच आणि रिव्हर्स पक्कं करून घ्यायचं सांगितलंय. बाबांना मागच्या सीटवर बसायचंय. सीटबेल्ट लावणार असाल तरच, असं मी त्यांना सांगितलंय, आणि ते हो म्हणालेत.